आक्कांसाठी सेकंडहँड होडी

जुनी मोटरसायकल शोधणाऱ्याला एखाद-दुसरा किस्सा मिळतो. जुनी होडी शोधणाऱ्याला होडी सोडून बाकी सगळं मिळतं! नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आम्ही इतके वणवण फिरलो, की अजूनही टपरीवर एकानं विषय काढला की बाकीचे दोघं डोक्याला हात लावतात.

कारण साधं होतं. आमची गल्ली नदीकडची, पावसाळ्यात पंचगंगा थेट दारात. आदल्या वर्षी बापूच्या आईला, म्हणजे आक्कांना, गूळ करायच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं होतं. ती एवढी मोठी कढई गरगर फिरली, आणि आक्कांनी जाहीर करून टाकलं, "औंदा घरातच बुडून मरीन, पर काहिलीत बसायची न्हाय!"

आक्का बोलल्या म्हणजे बोलल्या. मग लेथवाला बापू, कापडवाले आण्णा आणि मी, पावसाच्या आत होडी आणायचीच म्हणून बाहेर पडलो.

पहिली होडी कागलकडं एका भंगारवाल्याजवळ. बघतो तर तलावातला पायडलचा हंस, तोही बिनमानेचा!

"फायबर हाय पावणं, बुडायचा न्हाय. पायडल मारलं की सुटलाच!"

बापू लालबुंद. "माझी आई सत्तरीची हाय! ती पायडल मारत येणार व्हय?"

"मग तुमी मारा की. सीटा दोन हायत!"

हुपरीच्या एका चांदीवाल्यानं हौसेनं होडी घेऊन गच्चीवर ठेवली होती. नंतर तिच्याभोवती खोली बांधली! दार माणूस जाईल एवढंच.

"भित्त पाडा आन् न्या की! फकस्त जाताना परत बांधून द्या."

गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलो. मालकानं खाडीकडं बोट दाखवलं. पाण्याखाली काहीतरी काळं दिसत होतं.

"अवो, ही बुडालीया की!" आण्णा ओरडले.

"बुडली नाय, मीच बुडवन ठेवलंय. सुकली तर फळ्ये सुटतत."

"मग वर काढून दावा."

"आधी घेतंव म्हणा, मगे काढतंय!"

पुढच्या गावात सगळं जमलं. होडी चांगली, मालक राजी. पण विकायच्या आधी देवाला कौल लावायचा होता. लावला, आणि देव नको म्हणाला! आण्णांना दुकानातली सवय.

"परत एकदा इच्चारा की, जरा जोर लावून!"

गुरव खवळला. "ह्यो देव हा, बाजार नाय!"

तोवर आभाळ भरायला लागलं होतं. आम्ही अगदी रडकुंडीला आलो होतो.

शेवटी राधानगरीकडं धरणाच्या पाण्यावर एका म्हाताऱ्या नावाड्याची होडी कळली. पूल झाल्यामुळं तिच्यात कुणी बसेना. या खेपेला आक्का स्वतः आल्या. "तुमा तिघांवर माझा इश्वास न्हाय!"

होडी हवी तशीच होती. आक्का आत जाऊन बसल्यासुद्धा. म्हाताऱ्यानं वल्ही बापूच्या पुढं धरली.

"घ्या, चालवून बगा."

बापूनं माझ्याकडं बघितलं. मी आण्णांकडं. आण्णा पाण्याकडं बघत राहिले. पार कोकणापर्यंत होड्या बघत फिरलो, पण चालवता एकालाही येत नव्हती!

म्हाताऱ्यानं वल्ही मागं घेतली, आक्कांना पलीकडच्या काठाला नेलं आणि परत आणलं. होडी जराही डुचमळली नाही.

आक्का उतरल्या. पदर सारखा केला.

"पावणं, पावसाळाभर आमच्याकडं ऱ्हायला येता का?"