टोंगळ्यासाठी मोडलेला सोमवार

कळमन्याच्या बाजारात, संत्र्याच्या ढिगाशी उकिडवं बसून रंभाबाईने तीस वर्षं काढली. अंगठ्याने जरासं दाबलं की आतून पोकळ, पोलं फळ तिला कळायचं. अडत्या वामनराव गिऱ्हाइकाला म्हणायचे, "रंभाबाईचा हात फिरला आहे, आता पाहू नका." नवरा लवकर गेला, मुलगा दुर्गेश शिकला, त्याचं लग्न झालं, सगळं त्या बैठकीवर. साठीला टोंगळे, दोन्ही गुडघे, गेले. उकिडवं बसता येईना, आणि बसल्याशिवाय निवड होत नाही. "फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्याचा माल येते, तोवर तुमची जागा राखतो," वामनराव म्हणाले.

दुर्गेशने मोबाइलवर एक दवाखाना शोधला. तिथले डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन कशाला? तुमच्याच पोटावरची चरबी काढू, तिच्यातल्या मूळ पेशी गुडघ्यात सोडू. झिजलेली गादी पुन्हा भरते." त्यांनी तिचं पोट चिमटीत धरून पाहिलं, ती फळ पाहायची तसंच. "इथे तर काहीच नाही, आजी. जरा अंग भरू द्या, मग या."

अंग भरणार कुठून? तीस वर्षांचे सोमवारचे उपास, वर चतुर्थ्या. सून गोपिका मात्र अंगाने चांगली. "भिंत सरकल्यावानी चालतं वं," असं रंभाबाई तिला रोज टोचायची. आता गोपिकाच म्हणाली, "माही घ्या ना आत्याबाई. चार टोंगळ्यांची निघन."

"दुसऱ्याची चालत नाही म्हणे."

"तं मंग खा गुमान."

रंभाबाईने महादेवापुढे हात जोडले. "हात चालू राहावा म्हणून मोडून राहिली रे बाबा," म्हणाली, आणि सोमवार मोडला. श्रावणातलेसुद्धा. गोपिकाने मनापासून तुपाचे लाडू करून घातले. दसऱ्यापर्यंत वजन नऊ किलोने वाढलं. आधी टोंगळे बसताना दुखायचे, आता उभ्यानेही दुखू लागले. नवेच होणार आहेत, म्हणून तिने सोसलं.

चरबी काढली, सुया टोचल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, भिंत धरल्याशिवाय उठवेना. डॉक्टरांनी कागद चाळले. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि वजन किती वाढवलंय तुम्ही! भार गुडघ्यावरच पडतो ना. आठवड्यातून एखादा उपास करत जा."

रंभाबाई भिंत धरून उठली.

"आमच्याकडे फळ पोलं निघालं तं माणूस तोंड तरी लपवते, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

मृगाचा माल आला. वामनरावांकडे तिच्या जागी आता गोपिका बसते, उकिडवी, तासन् तास. रंभाबाई खुर्चीत बसून तिचा डबा भरते.

पुढच्या सोमवारी दुर्गेशने विचारलं, "आई, उपास करून राहिली ना आजपासून?"

तिने भाकरी मोडून दुधात कुस्करली. डॉक्टरच्या सांगण्यावरून धरलेला सोमवार महादेवाला पोचत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.