आवळून पाठवलेली फाइल

किस्से कोणी डिलीट करत नाही, त्यामुळे ते साठतच जातात. जळगावातलं आमचं ऑफिस तीनच जणांचं. मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, केस पांढरे केलेले, धरणगावहून येणारे नाना, जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा सलीम आणि मी. परदेशातल्या क्लायंटला आम्ही रोज एक भलीमोठी फाइल पाठवायचो. त्यांची रात्र म्हणजे आमची सकाळ. फाइल रोज उशिरा पोचायची. शेवटी क्लायंटने सांगून टाकलं, महिनाभरात वेळेत आली नाही तर काम पुण्याच्या ऑफिसला. म्हणजे आमचीही बदली.

सलीम म्हणाला, "फाइल पाठवणारा जो बॅच जॉब रोज आपोआप चालतो, त्यातच जावाचा छोटा प्रोग्रॅम लावू. फाइल आवळून पाठवू."

"या मशीनला मी कधी बाहेरचं खाऊ घातलं नाही," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी जॉब मात्र त्यांनीच लिहून आणला.

*

पहिल्याच खेपेला फाइल इतकी लहान झाली की आम्ही शेवभाजी मागवली. नानांनी फाइल परत उघडून बघितली. मेनफ्रेमवर प्रत्येक रेकॉर्डची लांबी ठरलेली, त्यातल्या मोकळ्या जागाही मोजायच्या. सलीमच्या प्रोग्रॅमने त्या बिनकामाच्या समजून उडवल्या होत्या. पत्ते नावांच्या जागी घुसलेले!

"डबा लहान झाला खरा," नाना म्हणाले, "पण तू पोळ्याच काढून ठेवल्यास."

शेवभाजी आम्ही गुपचूप खाल्ली.

*

मग माझी पाळी. झिप फाइल मी साध्या मजकुरासारखी पाठवली, आणि वाटेत मशीनने इमानदारीने एकेक अक्षर तिकडच्या मशीनच्या लिपीत बदललं. तिकडे ती उघडेचना. वर मूळ फाइल लगेच डिलीट करायची स्टेपही मीच लावलेली. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"ती स्टेप मी काल बंद केली," नाना म्हणाले. "हुशार माणसांचे जॉब मी दोनदा वाचतो."

*

मुदतीचा शेवटचा दिवस. दोन्ही चुका सुधारलेला जॉब आम्ही पहाटेच चालवला होता. क्लायंटचे साहेब स्वतः कॉलवर.

"सुरू कधी करताय?" त्यांनी विचारलं.

"सर, संपलं. तुमच्याकडे पोचून वीस मिनिटं झाली," नाना म्हणाले.

पलीकडे नुसता कीबोर्डचा आवाज. मग साहेब म्हणाले, "रेकॉर्ड पूर्ण आहेत. काम तुमच्याकडेच राहील."

सलीमने टेबल बडवलं. मला तर काय करू नि काय नको असं झालं. नानांनी मोबाइलचा स्पीकर चालू ठेवूनच घरी काकूंना फोन लावला आणि अहिराणीत सुरू झाले.

"आयक, पुण्याले जानं नही आते. बांधेल सामान बठ्ठं सोडी टाक."

काकू म्हणाल्या, "मी काही बांधेलच नही."