झाकणाला हात लावू नका

वहिनीनं दिरावर डूख धरला होता. लोक म्हणतात, राग गिळावा, माफ करून टाकावं, मन हलकं होतं. म्हणणाऱ्यांच्या बापाचं काय जातं! ज्याच्या तोंडाला फुकटचं काळं फासलं गेलंय त्याला विचारा जरा.

कामावर तिला सगळे 'वहिनी'च म्हणत, पण ते नाव नंतरचं. आधी ती 'पेटीवाल्या बाई' होती, आणि त्या नावाचा तिला तोरा होता. प्रयोगशाळा सुटे भाग तपासायची, दूर कुठेतरी जमिनीखाली बांधल्या जाणाऱ्या एका अगडबंब यंत्राचे. त्या यंत्रात कण एकमेकांवर आदळायचे आणि उडालेले तुकडे कुठून गेले ते सिलिकॉनच्या पातळ चकत्यांनी टिपायचं. चकतीला जाणवतं ते अगदी पुसट. ते वाचून पुढे कळवायचं काम तिच्या काठाला बसवलेल्या चिपांचं. चिप बहिरी निघाली तर चकती असून नसल्यासारखी. आणि बडबडी निघाली, म्हणजे काही नसताना 'आलं, आलं' म्हणून बोंब मारणारी, तर त्याहून वाईट. यंत्र एकदा बंद झालं की आत हात घालता येत नाही, म्हणून कोण बहिरं आणि कोण बडबडं हे आधीच बघून घ्यायचं. ते बघायची जागा म्हणजे ती पेटी.

पेटी लहान फ्रीजएवढी, आतून काळीकुट्ट. आत उजेड नको, कारण चकती उजेडालाही बिचकते. आत कडाक्याची थंडी, कारण खऱ्या यंत्रातही तिला थंडीतच दिवस काढायचेत. थंडीत दव धरू नये म्हणून एका नळीतून कोरडी हवा सोडलेली, आणि चकतीवर शेकडो व्होल्ट. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: आधी व्होल्टेज उतरवा, मग पेटी कोमट होऊ द्या, आणि मगच झाकण उघडा. घाई केलीत तर बाहेरची दमट हवा गार चकतीवर बसते, ठिणगी उडते आणि सगळं मुसळ केरात.

दिराला तिथं चिकटवलं वहिनीनंच. शिकून घरात लोळत होता. सासूबाई रोज म्हणायच्या, "अगं, तुझ्या शब्दाला तिथं मान आहे, बघ ना." टाकला शब्द. पोरगा हुशार होता, हात चांगला होता, खोटं कशाला बोला. पण उलट्या खोपडीचा. बस म्हटलं की उठणार, ऊठ म्हटलं की बसणार. त्याची किल्ली फक्त सासूबाईंना सापडली होती. दूध पी म्हणून तो कधी प्यायला नाही. "राहू दे हंऽ बाळा, तुला नाही जमायचं," म्हटलं की पेला रिकामा! एकदा त्यांनी सुनेलाही शिकवलं होतं, "नुसतं नको म्हणून भागत नाही. 'हं' जरा लांबवायचा, आणि त्याच्याकडे बघायचं नाही." दोघी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

तर पेटीच्या झाकणाला एक खटका होता. झाकण उघडलं की व्होल्टेज आपोआप तुटायचं. तो खटका मध्येच लहरीपणा करायचा, चालू काम तोडायचा. दिरानं त्याच्यावर लाल वायरचा एवढासा तुकडा टाकून त्याला गप्प बसवलं, म्हणजे झाकण उघडलं तरी व्होल्टेज तसंच चालू. वहिनीनं बघितलं आणि ओरडली, "काढा ते आधी!" तो म्हणाला, "काढतो हो," आणि ती हातमोजे बदलायला गेली. परत येईतो खोलीत जळका वास. झाकण उघडं, चकतीचा कोपरा काळा, आणि वायरचा तुकडा खिशात गेलेला. प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई धावत आल्या तेव्हा हा मान खाली घालून उभा. म्हणतो कसा, "वहिनी जरा घाईत होत्या. मी नको म्हणत होतो."

चोर तो चोर, वर शिरजोर! संगणकाला झाकण उघडलेलं कळतं, कुणाच्या हातानं ते कळत नाही.

त्या संध्याकाळी घरी ती तडतडली. नवरा म्हणाला, "घरातलं भांडण कामावर नेऊ नकोस." सासूबाई म्हणाल्या, "त्याची नोकरी अजून पक्की व्हायचीय गं. तुझी पक्की आहे. तुझं काय जातंय?"

काय जातंय! पेटी गेली. तिची रवानगी केबलच्या टेबलावर झाली. दिवसभर एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दुसरी, मीटर वाजला की पुढची केबल. नवीन माणूस आला की त्याला कोपऱ्यातून दाखवायचे, "त्या बघ, त्यांनी चकती जाळली होती." पेटी मिळाली दिराला. तो सगळ्यांदेखत 'वहिनी, जरा केबल आणा' म्हणायचा, आणि तेच नाव पडलं. बरं, घरी येऊन ह्याच माणसाला ताट वाढायचं, आणि त्यानं म्हणायचं, आज मीठ कमी आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मीठ वाढताना तिनं मनाशी खूणगाठ बांधली की पेटी परत घेईन, आणि ह्याच्याच हातानं घेईन.

तिच्या बाजूनं बोलणारी एकच होती, तारवाली. ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून चिप आणि चकती यांच्यामध्ये केसाहून बारीक तारा जोडायची. शिंक आली तरी मान वळवून, श्वास धरून शिंकायची. ती म्हणायची, "तू जाळलंस? तू आधी स्वतःचा हात जाळशील. मला नको सांगूस." वहिनी तिलाही खरं सांगत नसे. घरची लाज.

मग पाहुण्यांचा दिवस उगवला. यंत्र बांधणाऱ्यांची मंडळी माल बघायला आली. पेटीत तारवालीनं जोडलेली सगळ्यात देखणी चकती लावली होती. नेमकी पडद्यावर चिपांची एक ओळच्या ओळ बडबडायला लागली. पाहुण्यांत कुजबुज झाली. प्रमुखबाई म्हणाल्या, "केबल सैल असेल. वहिनींना बोलवा."

वहिनी नवी केबल घेऊन आली, पेटीशी वाकली, आणि बघते तो काय! खटक्यावर लाल वायरचा तुकडा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही! घाईच्या वेळी हा अजूनही असाच झाकण उघडत असणार आणि निभावून जात असणार. आज तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्याची पंचाईत झाली असती. पण मग तो म्हणाला असता, वहिनींनीच टाकली असेल, आत्ताच वाकल्या होत्या. एकदा चटका बसलेली बाई ती, बोट दाखवणार नव्हती.

आणि खरं सांगायचं तर दीर त्या वेळी शहाण्यासारखा वागत होता. त्याचा हात व्होल्टेजच्या बटणाकडे गेला होता. तो पाहुण्यांना म्हणत होता, "जरा थांबावं लागेल. पेटी कोमट झाली की आपण..."

वहिनी केबलची गुंडाळी सोडवत होती. मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "भाऊजी, झाकणाला हात लावू नका हंऽ. तुम्हाला नाही जमायचं ते. राहू द्या, मी बघते."

एक पाहुणा हसला. कुणीतरी 'भाऊजी' म्हणून हळूच पुटपुटलं. दिराचे कान लाल झाले.

"वहिनी, ही पेटी मी चालवतो," तो म्हणाला, आणि त्यानं झाकण उघडलं.

हात दाखवून अवलक्षण! चट्ट असा आवाज, निळसर ठिणगी, तोच जुना वास. पडद्यावरची ओळ बडबडायची थांबली आणि तिच्याबरोबर बाकीच्याही सगळ्या ओळी थांबल्या. प्रमुखबाई वाकल्या. त्यांनी चिमटीनं तो लाल तुकडा उचलून उजेडात धरला, दिराकडे बघितलं, मग वळून वहिनीकडे बघत राहिल्या.

"मागच्या वेळीही हेच?"

"मला कशाला विचारता?" वहिनी म्हणाली. "समोर उभा आहे की."

दिरानं मान हलवून हो म्हटलं. सगळ्यांदेखत. तिला असा आनंद झाला, असा आनंद झाला, की लपवायला तिनं गुंडाळी पुन्हा गुंडाळायला घेतली. उट्टं निघालं होतं. प्रमुखबाई तिथल्या तिथं म्हणाल्या, "उद्यापासून पेटी तुमच्याकडे. आणि माझं चुकलं."

मागे तारवाली भिंतीला टेकून रडत होती. आठवड्यांचं काम होतं तिचं. वहिनी जवळ गेली तेव्हा तिनं वहिनीचा हात घट्ट धरला. "तू सांगितलं होतंस गं त्याला. मी ऐकलं ना, स्पष्ट सांगितलं होतंस." वहिनीला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. केबल जागेवर ठेवायची आहे असं काहीतरी सांगून तिनं हात सोडवून घेतला.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. दीर खोलीचं दार लावून बसला होता. नवरा ओशाळून म्हणाला, "तू तर बजावलं होतंस म्हणे त्याला. सगळ्यांनी ऐकलं."

"बजावलं होतं ना."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "काय म्हणालीस नेमकं?"

"झाकणाला हात लावू नका, म्हटलं."

"शब्द नकोत मला. कसं म्हणालीस ते म्हणून दाखव."

वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तिला बोलायचं नव्हतं. त्यांनाही कळायलाच हवं होतं. ती म्हणाली, अगदी तशीच म्हणाली, 'हं' लांबवून, दुसरीकडे बघत. नवऱ्याला काही उमगलं नाही. सासूबाईंच्या हातातली शेंग मात्र परातीत पडली.

त्यांनी परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी आहे तो. माझ्यानं नाही होत आता. जा, तूच उठव त्याला. तुला जमतं."

"जमतं," वहिनी म्हणाली, आणि गेली. दारापाशी उभी राहिली. "भाऊजी, आज जेवू नका हंऽ. राहू द्या."

आत खाट करकरली. तिला वाटलं, आता कडी निघेल, लाल कान घेऊन बाहेर येईल.

"बरं, वहिनी," आतून आवाज आला, आणि दाराखालचा उजेड गेला.

जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाचं सांगितलेलं ऐकलं होतं. वहिनी स्वयंपाकघरात परत आली. सासूबाई वाढायला उठल्या नाहीत. तिनं स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं आणि जेवायला बसली.