दुसऱ्या दिवशीची पाचवी

शेवटच्या भेटीत भागूआत्यांचा उपास होता. त्याच्या आधीच्या भेटीतही होता. निमगाव केतकीहून एसटीनं आमच्या वालचंदनगरच्या क्वार्टरवर यायच्या, पिशवीत पानमळ्यातली विड्याची पानं, आणि दारातूनच माझ्या मुलाबद्दल विचारायच्या, "किरण्याला आज झाली का?" मग आत पाहुणे बसलेले असोत की शाळेतल्या बाई. मी ताट वाढायला घेतलं की म्हणायच्या, उपास हाय. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी चतुर्थी. शेवटी मी चिडून म्हटलं, "आत्या, तुमच्या आठवड्यात जेवायचा वार कुठला, तेवढं सांगून ठेवा." त्या हसल्या, पदर पोटाशी घट्ट ओढून घेतला, कपभर चहा घेतला आणि गेल्या. पुढं काही दिवसांनी शेजारच्या काकूंकडं फोन आला... बारामतीला नेलंय, लगेच निघा. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. आतड्यात गाठ होती, वाट पार बंद झाली होती, कित्येक महिने दुखत असणार, असं डॉक्टर म्हणाले. याला आता दीड महिना होत आला. मला अजून एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून गॅस बघून आले. गॅस बंदच होता.

भागूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्याच रानात दोन खोल्या बांधून राहिल्या. तरुणपणी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत हिंडलेली बाई, त्यामुळं चालणं झपाझप आणि बोलणं पलीकडच्या माळावर हाक मारल्यासारखं. खुर्चीवर बसल्या तरी पाठ टेकून म्हणून कधी बसल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा धाकच होता. मी शाळेत शिकवणारी, आणि ही बाई चारचौघांत माझ्या पोटाकडं बोट करून "कितवा चाललाय?" विचारणार. लाजून कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

किरणचा जन्म बारामतीच्या एका दवाखान्यातला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बाळंतपण सरळ झालं. खणखणीत रडणारा मुलगा... संध्याकाळपर्यंत पेढेही वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं ताप बघायला बाळाला खालून थर्मामीटर लावायला घेतला आणि तिचा हात थांबला. तिनं दुपटं परत गुंडाळलं आणि माझ्याकडं न बघता बाळ घेऊन बाहेर गेली. काहीतरी वाईट आहे एवढं मला तिच्या पाठीवरूनच कळलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई आल्या आणि सगळ्यांसमोर स्पष्ट बोलल्या. बाळाला शीची जागाच झालेली नाही. गर्भातच राहून गेलं, यात आईचा काही दोष नाही. आजच्या आज पुण्याला न्या. पोटावर तात्पुरती वाट करतील, पुढं मोठा झाला की खालची जागा करतील. थांबलात तर आतडं फुटेल.

आबा, म्हणजे माझे सासरे, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "पाचवी झाल्याबिगर पोराला हत्यार लावायचं न्हाय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून तर मला धडकी भरली. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, तोवर ते बाळ तिचं, ही आमच्या घरातली समजूत. "ज्याचं अजून लिहिलंच न्हाय त्येला कापायचं कसं? तीन दिसानं नेऊ." किरणचे वडील खाली मान घालून उभे. बापापुढं बोलायची त्यांना सवयच नव्हती. मी उठायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. पाळण्यात बाळ कण्हत होतं, पोट तटतटलेलं, आणि इथं माणसं वार मोजत होती. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. तेवढ्यात भागूआत्या पुढं झाल्या.

"मग आज पाचवी," त्या म्हणाल्या.

"आक्का, आज दुसरा दिस हाय."

"दिस मानसं मोजत्यात. सटवाईला कुठं घड्याळ हाय? रानात मेंढरांचा तळ हलायचा असला की आमी बाया पाचवी आदुगरच उरकायचो. तू व्हतास काय बायांत?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "असलं कोकरू म्या बघितलंय. बंद आल्यालं. पोट फुगून ढोल व्हतं, आन् मग आई बी त्येला हुंगत न्हाय. डाक्टरीन सांगती ते खरं हाय."

दवाखान्याच्या आवारात बांधकाम चाललं होतं. तिथल्या ढिगातून त्यांनी मुठीएवढा दगड उचलला, नळावर धुतला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात मांडला. हळदकुंकू शेजारच्या बाळंतिणीच्या आईनं दिलं, खोबरं समोरच्या दुकानातून आलं. सटवाईला लिहायला कोरा कागद मिळाला, लेखणी काही मिळेना. डॉक्टरीणबाईंनी आपल्या खिशातलं पेन काढून दिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत थांबल्या. आत्यांनी दगडापुढं डोकं टेकलं. ओठ हलताना उघड्या दारातून दिसत होते, पण खाटेवरून मला काही ऐकू आलं नाही. उठल्या त्या दगड ओटीत घालूनच. अवेळी उठवलेल्या देवीला वाटेत सोडायचं नसतं म्हणे. जीपमध्ये मी मागं आडवी, आणि पुण्यापर्यंत बाळ त्यांच्या मांडीवर, दगड ओटीत.

किरण वाचला. पण ते काही एका ऑपरेशनचं काम नव्हतं. आधी पोटावर वाट केली, मग खाली जागा केली, मग पोटावरची वाट बंद केली, आणि मधले सगळे महिने पोटावर फडकं बांधायचं, सोडायचं, धुवायचं. आत्यांनी स्वतःची जुनी लुगडी फाडली. मला किळस यायची, मी आई असून यायची. त्यांना कधी आली नाही. पहिल्यांदा त्याला खालून नीट झाली त्या दिवशी या बाईनं निमगावात घरोघर साखर वाटली. कशाबद्दल, ते विचारणाऱ्याला सविस्तर सांगितलं. पुढं त्याला साधा ताप आला तरी भावकीतल्या बाया कुजबुजायच्या, पाचवी मोडली ना, भोगायला लागणारच. आत्या ठणकावून सांगायच्या, "लागंल ते मला लागंल, तुमी कशाला वाकडं तोंड करताय?" आम्ही हसायचो. आत्यांचं बोलणंच तसं...

आत्यांच्या तेराव्याला मांडव उतरल्यावर आबा माझ्याशेजारी येऊन बसले. कधी बसत नाहीत. "रानात असलं काय न्हवतं," ते म्हणाले. "पाचवी ती पाचवीच. मला तवाच ठावं व्हतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"ती खोटं बोलली म्हणून तर मला गप बसता आलं, सूनबाई." मग हलक्या आवाजात म्हणाले, "आन् दगडाम्होरं काय म्हनली ते बी ऐकलंय म्या. म्हनली, ह्येचं पोट मोकळं कर. काय घ्यायचं ते माज्या पोटावर ल्ही."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. म्हणजे दुखायला लागलं तेव्हा त्यांना गाठ वाटलीच नाही, देवी आली असं वाटलं. म्हणून ते सोमवार आणि गुरुवार, म्हणून पोटाशी ओढलेला पदर. सगळ्या गावाला दुसऱ्याच्या पोटाची खबर देणारी बाई स्वतःच्या पोटाबद्दल अवाक्षर बोलली नाही, कारण बोलली असती तर आम्ही दवाखान्यात नेलं असतं, आणि बरी झाली असती तर... तर देवी दुसरीकडं वळली असती, किरणकडं. मला राग येतो. देवीचा येतो, आबांचा येतो, सगळ्यात जास्त आत्यांचा येतो. लेकरासाठी तीन दिवस थांबू दिलं नाहीत ना? मग स्वतः का थांबलात? यात आईचा दोष नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं आणि ते वाक्य धरून मी तगले. पाचवी मोडली यात आत्यांचाही काही दोष नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं असं कुणाला सुचलंही नाही.

तो दगड त्यांच्या चुलीमागच्या देवळीत होता, कुंकवाचे थर बसून काळपट झालेला. नदीत सोडायचं ठरत होतं, मी मागून घेतला. घरी आणून ब्रशनं घासला आणि ओट्यावर लसूण ठेचायला ठेवला, मुद्दाम. आला देवीला राग तर येऊ दे. गेल्या रविवारी किरण खेळून आला तो पोट धरूनच. आता दुसरीत आहे, कच्च्या चिंचा खाल्ल्या असतील, सगळीच मुलं खातात. मी त्याचं पोट चाचपलं, आणि नंतरचं मला नीट आठवत नाही. भान आलं तेव्हा मी ओट्यापुढं उभी होते, बोटाला कुंकू, दगडावर ताजी टिकली आणि तोंडात शब्द... काय घ्यायचं ते माझ्या...

"आई, कुणाशी बोलतेस?" किरणनं विचारलं.

वाक्य तिथंच तोडलं. बोट पदराला पुसलं. "कुणाशी नाही," मी म्हटलं. "चप्पल घाल, दवाखान्यात जायचंय. आणि आधी सांग, आज झाली का?"