दत्ताभाऊंची तिसरी घंटा

नाटकवाल्याला स्वतःचे संवाद विसरायला होतात, पण प्रेक्षक जन्मभर आठवतात! आमच्या राजुरीच्या हौशी मंडळात चहाला बसलं की एकातून एक किस्सा निघतो आणि चहा पार थंड होतो.

आमचे दिग्दर्शक दत्ताभाऊ. ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतात, पण वेळेला लई कडक. पत्रिकेत सात म्हणजे सातला तिसरी घंटा! आता आमच्याकडं सात म्हणजे धारा काढून, जेवून, पान लावून मग सात. एका खेळाला उशिरा आलेला जो तो सांगायचा, वाटेत बिबट्या आडवा आला. दत्ताभाऊ दारातच म्हणाले, "बिबट्या येकच, आन आख्ख्या आळीला आडवा गेला व्हय?"

•

पेठला खेळ होता. मी राजा. पोरगा लढाईत पडलेला, मांडव चिडीचूप. तेवढ्यात पुढच्या रांगेत फोन वाजला आणि गडी मार्केटला गेलेल्या पिकअपवाल्याशी टोमॅटोचं बोलायला लागला. माझेही क्रेट त्याच गाडीत होते! शेवटी मुकुट सावरत मीच विचारलं, "काय भाव निघाला?"

पुढच्या खेळाला दत्ताभाऊंनी मला भालदार केलं.

•

एकदा ऐन खुनाच्या प्रसंगाला शिवारात थ्री फेज लाईट आली. विहिरीवरची मोटार चालू करायला अर्धा मांडव उठला. त्यात आमचा खुनीही गेला! ज्याचा खून व्हायचा तो स्टेजवर एकटाच. मग त्यानंच उरलेल्यांची समजूत काढली, "बसा राव, मोटार चालू करून येतोय मला मारायला."

•

त्यानंतर मात्र दत्ताभाऊ इरेला पेटले. म्हणाले, "औंदा पडदा टायमाला उघडला न्हाई, तर माझं दिग्दर्शन बंद." माणूस चिडका खरा, पण त्याच्याशिवाय मंडळ चार दिवस टिकायचं नाही.

खेळाच्या दिवशी सात वाजता फटीतून बघितलं, तर मांडव रिकामा! फक्त पाहुण्यांच्या सोफ्यावर एक म्हातारी पाय वर घेऊन बसलेली. घाटघरची, गावात लेकीकडं आलेली. लेकीनं सात सांगितलं, म्हणून ती आपली सातला हजर. आम्ही म्हटलं, भाऊ, जरा थांबू. दत्ताभाऊंनी घंटा वाजवली.

"माणूस आलंय," ते म्हणाले. "उघडा पडदा."

पहिला अंक आम्ही तिच्या एकटीसाठी केला. जीव ओतून केला, खरं सांगतो. ती तोंडाला पदर लावून हसली की आम्हाला हुरूप यायचा.

अंक संपता संपता गाव आलं. सरपंच सोफ्यापाशी येऊन म्हणाले, मंडळी आत्ता जमलीत, पहिल्यापासून घ्या. मागूनही गलका सुरू झाला. दत्ताभाऊंचा चेहरा पडला. परत पहिल्यापासून घेतलं, तर वेळेवर उघडलेला पडदा वाया. नाही म्हणावं, तर गाव रुसणार.

तेवढ्यात म्हातारी वळली. पाय काही तिनं खाली घेतले नाहीत.

"ह्यो खेळ माझ्यासाठी चाललाय," ती सरपंचांना म्हणाली. "बगायचा तर बगा, पर मागं बसून. आन मदी बोलायचं न्हाई."

सरपंचांनी चपला काढल्या आणि ते मागच्या सतरंजीवर जाऊन बसले.