इंचकाकूंचा चष्मा

इंचकाकूंना माप घ्यायला टेप लागत नसे. नाशिकमध्ये मालेगाव स्टँडच्या मागच्या आमच्या गल्लीत तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून त्यांचं शिलाई मशीन होतं. त्यावर बसल्या बसल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघून घेत. बघून झालं की जाहीर निकाल. "अगं ए, उन्हाळ्यात इंचभर सुटलीस. माहेरी आमरस झाला वाटतं!" गल्लीच्या पार टोकाला पोचलेली बाईसुद्धा पदर ओढून घेत असे आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले उगीचच आभाळाकडे बघत.

एकदा त्यांनी माझ्या सासूबाईंना भर मंगल कार्यालयात अडवलं. "विहीणबाई, तीन महिन्यांत दीड इंच. हे खाण्याचं नाही. दवाखान्यात जा." सासूबाईंनी घरी येऊन दोन दिवस अबोला धरला, तोही माझ्याशी, कारण काकू माझ्या ओळखीच्या. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं रक्त तपासून आल्या. थायरॉइड निघाला. तेव्हापासून सासूबाई काकूंना नमस्कार करायच्या, पण ब्लाउज मात्र माझ्या हाती पाठवायच्या.

काकू म्हणायच्या, "ब्लाउज असा शिवावा की बाईला दिवसभर त्याची आठवण येऊ नये. ज्या ब्लाउजची आठवण येते तो चुकला." ह्या एका वाक्यावर त्यांनी वीस वर्षं धंदा केला. मुलगा शिकवला, मुलीचं लग्न केलं. काका एसटीत कंडक्टर. ते घरात असले की पेपर वाचत, आणि पेपर नसला की कालचा पेपर वाचत.

काकूंनी सत्तेचाळिशी गाठली त्या सुमारास गल्लीत एक नवी प्रथा सुरू झाली. ब्लाउज शिवायला टाकताना गिऱ्हाइकानं आपल्या हातानं सुईत दोरा ओवून द्यायचा. "ज्याचं अंग, त्याचा हात," काकू गंभीरपणे सांगत. "मग कापड अंगाला ओळखतं." बायकांना हे भलतंच पटलं. मखमलाबादहून फुलं विकायला येणाऱ्या एका मावशींनी तर तीन ब्लाउजांसाठी नऊ सुया ओवून दिल्या, कमी पडायला नको म्हणून. हळूहळू चौकातल्या दुसऱ्या शिंप्यांकडेही बायका विचारू लागल्या, "तुम्ही ओवायला देत नाही? काकू देतात." त्या बिचाऱ्यांनीही मग सुया पुढे केल्या. एका प्रथेला परंपरा व्हायला किती वेळ लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. साडेतीन महिने.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. फळ्यावरचं दिसत नाही हे लपवणारी मुलं मला पाठमोरी कळतात. तरी काकूंची गोम मला योगायोगानंच सापडली. एका दुपारी शाळा लवकर सुटली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काकू मशीनवर एकट्याच होत्या, एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोऱ्याचं ओलं टोक. नेम धरायच्या, चुकायच्या, एक डोळा मिटायच्या, पुन्हा चुकायच्या. शेजारची टाचण्यांची उशी रिकामी होती. सकाळच्या गिऱ्हाइकांनी ओवून दिलेल्या सुयांचा साठा संपला होता.

मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. "बरी आलीस. तुझा हात शुभ आहे. ओव बरं."

"काकू, मी शिवायला काहीच आणलेलं नाही."

त्यांनी सुई तशीच माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "तुम्हाला जवळचं दिसत नाही."

"मला? त्या पारावर म्हातारा बसलाय ना, त्याच्या सदऱ्याची दुसरी गुंडी तुटलीय. दिसतेय तुला?"

"ते लांबचं झालं."

"मग जवळ आहे काय एवढं बघण्यासारखं?" असं म्हणून त्यांनी आत हात केला. आत काका कालचा पेपर वाचत होते.

मी हसले, पण काकू हसल्या नाहीत. आवाज खाली आणून म्हणाल्या, "चौकात बुटीक झालंय. त्यांच्याकडे एसी आहे, मोठा आरसा आहे, बसायला सोफा आहे. माझ्याकडे काय आहे? नजर. शिंपिणीला चष्मा लागला म्हटल्यावर बायका उद्याच तिकडे वळतील. आणि तू कुणाला बोललीस तर तुझा पुढचा ब्लाउज मी असा शिवेन की तुला दिवसभर आठवण येईल." ही धमकी साधी नव्हती. मी गप्प राहिले.

मग निफाडच्या मुलीचं लग्न आलं. द्राक्षबागायतदाराचं घर, एकुलती एक मुलगी आणि पैठणीचा ब्लाउज. बाह्यांच्या काठावर नखाएवढे मोर. काकूंनी आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. मुलगी आणि तिची आई ब्लाउज न्यायला आल्या तेव्हा मीही तिथेच होते. आईनं घडी उलगडली, आणि एकदम म्हणाली, "अहो, ह्या बाहीवरचे मोर उलटे आहेत!"

होतेच. उजव्या बाहीवर मोर रुबाबात उभे, डाव्या बाहीवर वटवाघळांसारखे लटकलेले.

काकूंनी पापणीही हलवली नाही. "मुद्दाम," त्या म्हणाल्या. "हल्ली असंच चालतं. एक मोर माहेरचा, एक सासरचा. दोघांची तोंडं एकीकडे कशी असतील?" मुलगी खळखळून हसली. आई दोन क्षण विचारात पडली आणि मग तिलाही त्यात काहीतरी खोल सापडलं. दोघी खुशीत निघून गेल्या. मी काकूंकडे कौतुकानं बघितलं. इतकी देखणी थाप मी जन्मात ऐकली नव्हती.

काकू मात्र मशीनवर हात ठेवून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभ्या. "चल. चष्मा घ्यायचाय."

"आत्ता? काय झालं?"

"काल चूक झाली त्याचं एवढं नाही गं. थाप पचली ना, त्याची भीती वाटली. आता मी उद्या कुणाला पाठीमागून गळा शिवून देईन आणि सांगेन, ही फॅशन आहे." मग हळूच म्हणाल्या, "परवा लग्न आहे. उद्या निफाडला जाऊन ती बाही उसवून नीट करायची. त्याच्या आधी मला दिसायला पाहिजे."

मी अर्धी रजा टाकली. रविवार कारंजा चौकाजवळच्या एका लहानशा दुकानात शिरलो. दुकानदार पन्नाशीचा, शांत, हळू बोलणारा. त्यानं डोळे तपासले, साधा जवळचा नंबर निघाला. "काच दोन तासांत बसवून देतो ताई. फ्रेम तेवढी निवडा."

फ्रेम निवडायला तीन तास लागले.

"चष्म्यासारखा न दिसणारा चष्मा दाखवा," ही पहिली मागणी. त्यानं बिनकाठाची फ्रेम काढली. "हा पापड झाला. मी बसले ह्याच्यावर तर?" मग जाड काळी आली. "ही लावून मी निवडणुकीला उभी राहू?" मग कोपरे वर गेलेली. "शी! ही तर माझी नणंदच." सोनेरी गोल फ्रेम लावून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोण दिसते?" मी म्हटलं, "किराणा दुकानातले शेठजी." तीही गेली. काउंटरवर फ्रेमांचा ढीग झाला. आत आलेली दोन गिऱ्हाइकं काकूंचा निकाल ऐकून हातातल्या फ्रेमा खाली ठेवून निघून गेली.

शेवटी दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचा चेहरा लांबट आहे, त्याला..."

झालं. चेहऱ्याचं माप, आणि तेही काकूंना! "दादा, मापाचं मला सांगू नका. तुमच्या शर्टाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. कुणी शिवला?"

तो मान खाली घालून फडक्यानं काच पुसत राहिला. "खांदाच खाली आहे, ताई. लहानपणी पडलो होतो."

काकूंनी काउंटरवरून हात लांबवून त्याचा खांदा दोन बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "मग शर्ट त्या खांद्याला धरून शिवायला हवा होता. तुमची चूक नाही. एक कापड आणून द्या मला." 

त्यानं मान डोलावली. मग ढिगातून एक फ्रेम उचलून काकूंच्या डोळ्यांवर ठेवली, थोडं मागे सरून बघितलं, काढली, काडी गरम करून वाकवली आणि पुन्हा ठेवली. "तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा वर आहे. म्हणून मघापासून प्रत्येक फ्रेम तुम्हाला वाकडी वाटतेय."

काकूंनी दोन्ही हात कानांना लावले. वीस वर्षं त्या सगळ्या जगाला मापं सांगत आल्या होत्या. त्यांचं माप कुणी काढलंच नव्हतं. "सत्तेचाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आईनं सांगितलं नाही. ह्यांनी तर बघितलंच नसेल." आणि मग आरशात न बघताच म्हणाल्या, "हीच द्या."

मी म्हटलं, "काकू, ही जांभळी आहे."

"कळतंय मला. रंग दिसतात. लपवायचं जमलं नाही, तर आता गल्लीच्या टोकावरून दिसू दे."

काच बसवून चष्मा हातात आला. काकूंनी तो लावला आणि पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले. बोटांच्या पेरांवर सुईच्या खुणा होत्या, नखांत एक लाल धागा अडकला होता. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाल्या, "अगं, तुला मिशी आहे!"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निफाडला गेलो. मांडव घातला होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. काकूंनी जांभळा चष्मा लावून, सगळ्या बायकांसमोर, एका दमात सांगून टाकलं, "मला दिसत नव्हतं. मोर उलटे लागले. फॅशन-बिशन काही नाही, मी खोटं बोलले. ब्लाउज द्या, तासाभरात नीट करते."

सगळ्या थांबल्या. आई लेकीकडे बघायला लागली. लेकीनं ब्लाउज पाठीमागे लपवला. "मुळीच नाही! मी सगळ्या मैत्रिणींना फोटो पाठवलेत. सासरी पण पाठवलाय. तिकडून सासूबाईंचा फोन आला, म्हणाल्या, आमचा मोर कोणता?"

काकूंनी पुष्कळ समजावलं, चिडल्यासुद्धा. मुलगी हटली नाही. ती उलट्या मोरांनी बोहल्यावर चढली आणि पुढच्या लगीनसराईत चार नवऱ्या मुली तसाच ब्लाउज मागत काकूंच्या दारात आल्या. चौघींनाही काकूंनी परत पाठवलं. "ते एकदाच झालं. आता मला दिसतं." दोघी तिथून थेट बुटीकमध्ये गेल्या. बाकी गिऱ्हाइकं मात्र कुठेही गेली नाहीत. उलट काकूंना आता जवळचंही दिसायला लागल्यामुळे गल्लीला दुहेरी धोका झाला. लांबून इंच आणि जवळून सुरकुत्या.

काका निवृत्त झाले तसे दोघं कळवणकडे त्यांच्या गावी राहायला गेले. रविवारी फोन यायचा. मी काय खाल्लं, शाळेत साहेब कोण आलेत, सासूबाईंच्या गोळ्या चालू आहेत ना. स्वतःबद्दल विचारलं की "मजेत" एवढंच. दिवाळीत एकदा येऊन गेल्या, चार दिवस राहिल्या, आमच्या घरात सगळं बारकाईनं बघून गेल्या. पुढच्या माघात फोन आला तो काकांचा. झोपेतच गेल्या होत्या.

तेराव्याला मी गावी गेले. अंगणात बायका बसल्या होत्या, वीस-पंचवीस. मी रडतच आत शिरले आणि जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या अंगणात काहीतरी निराळंच आहे. जवळजवळ प्रत्येक बाईच्या डोळ्यांवर चष्मा होता. लाल, हिरवा, मोरपंखी, नारिंगी. काळा एकही नाही. पदरानं डोळे पुसायला सगळ्या चष्मे वर करत, पुन्हा खाली करत.

शेजारच्या एका बाईंनी मला सांगितलं, "लय जबरदस्ती केली तिनं. आमी म्हनायचो, चाळिशी झाली, आता काय बघायचं ऱ्हायलंय? तर म्हने, तांदळातले खडे कोन बघनार, तुझा सासरा? बाजाराच्या दिवशी जीपमदी सा-सा जनी भरून कळवनला न्यायची. फ्रेम पन तीच ठरवायची. आपलं चालूच द्यायची नाय."

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "ही तिची यादी. कोनाला कधी न्यायचं त्याची. ती गेल्यापास्नं ही वाचाया कोनी बसलंच नाय. तुमी शिकलेल्या, बाई. वाचा बरं, आता कोनाचा नंबर हाय?"

मी कागद घेतला. काकूंचं अक्षर बारीक, मुंग्यांची रांग. मी कागद जरा लांब धरला. मग आणखी लांब. मग म्हटलं, "इथे उजेड कमी आहे."

भर दुपारचं ऊन होतं. कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेराव्याच्या दिवशी, त्या अंगणात, वीस-पंचवीस बायका तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. शेजारच्या बाईंनी स्वतःचा नारिंगी चष्मा काढला आणि मला न विचारता माझ्या नाकावर बसवला.

अक्षरं पुढे आली. पाच नावं गावातली होती. सहावं असं होतं : "नाशिकच्या मास्तरीणबाई. गोळ्यांचं पाकीट हातभर लांब धरून वाचतात. कबूल करणार नाहीत. ओढून आणणे."

मी मुक्काम वाढवला. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये आम्ही सहाजणी होतो. दुकानात मी एक साधीशी तपकिरी फ्रेम उचलली, तर पाचजणींनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपसात अर्धा तास भांडून माझ्यासाठी पोपटी ठरवली.