न्हाऊ घालण्यापुरती झोप

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झोपायला यंत्र लागणारी पेणमधली बाई बहुधा मी एकटीच होते. घोरावं ते पुरुषांनी. बाईनं घोरायचं नसतं, आणि घोरलीच तर घरच्यांनी ते चारचौघांत काढायचं नसतं. आमच्याकडे हा दुसरा नियम कुणी पाळला नाही. लग्नकार्यात मुक्काम पडला की आमचे यजमानच आधी सांगून टाकत, "हिला कोपऱ्यात झोपवा."

घोरण्याचं मला काही नव्हतं. ते ऐकायला मी जागी कुठे होते! मला छळलं ते दिवसाच्या झोपेनं. सकाळी उठावं तर अंग इतकं जड, की रात्री झोपले होते की भाताचे भारे वाहत होते तेच कळू नये. भाजी चिरताना पेंगायचे, पाहुण्यांशी बोलताना पेंगायचे. एकदा रोह्याला दिलेल्या लेकीकडून परत येताना एसटीत डोळा लागला आणि पेण मागे टाकून थेट पनवेलला उतरले. घरात त्यावरून कितीतरी दिवस हसणं चाललं होतं. मला रडू येत होतं, पण रडायलाही अंगात ताकद लागते.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. म्हणाले, झोपेत तुमचा श्वास थांबतो, जीव घाबरा होऊन तुम्ही अर्धवट जाग्या होता, पुन्हा झोपता, आणि रात्रभर हेच चालतं. म्हणजे इतकी वर्षं मी झोपतच नव्हते म्हणायचं. उपाय म्हणून एक यंत्र घरी आलं. एक पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि तो धरून ठेवायला डोक्याभोवती पट्टे. पेटी नाकात हवा ढकलत राहते, त्यामुळे घसा मिटत नाही. यजमानांनी त्याचं नाव पंप ठेवलं.

पट्टे रात्रभर घसरायचे. हवा बाजूने सुटून डोळ्यांत जायची. पट्टे आवळावेत तर नाकाची साल निघायची. तोंड उघडलं की सगळी हवा तिथून बाहेर, आणि पहाटे जीभ टाळूला चिकटलेली. त्यात वीज गेली की यंत्र बंद पडायचं आणि मी गुदमरून उठून बसायचे. वीज काय, जातच होती. थोड्याच दिवसांत मी कानाला हात लावला आणि पेटी खाटेखाली सरकवली.

"पंप बिघडला काय गो?" यजमानांनी विचारलं.

"पंप नाय, मीच बिघडलेय," म्हटलं आणि पुन्हा पेंगायला मोकळी झाले.

अशात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी मी पडवीत पाय पसरून, सूप पायांवर घेऊन तांदूळ निवडत होते. कधी डुलकी लागली कळलं नाही. जाग आली ती सूप पडल्याच्या आवाजाने. तांदूळ सगळीकडे, आणि समोर दारात लेक उभी. ओणवं होता येत नव्हतं तिला, तरी भिंतीला धरून बसली आणि तांदूळ गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, सासूबाई म्हणत होत्या, बाळाला न्हाऊ घालायला बाई लावूया. तुला उगाच दगदग."

सासूबाईंना तिने उगाच पुढे केलं होतं, हे मला समजलं. आमच्यात आजीनं पाय पसरून नातवंडाला त्यावर घ्यायचं, तेल लावायचं, ऊन पाणी घालायचं. माझ्या दोन्ही मुलांना माझ्या आईने असंच वाढवलं. आणि माझ्या पायांवरून सूप घसरलेलं माझ्या लेकीने पाहिलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं.

त्याच दिवशी पेटी बाहेर काढली. मास्क धुवायला घेतला तर तो हातातून सारखा निसटायला लागला! पट्टेही तेलकट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रोज झोपण्याआधी मी डोक्यावर खोबरेल थापायचे, आणि सोललेल्या नाकाला आराम पडावा म्हणून तिथेही चोळायचे. पट्टे घसरतात म्हणून आवळायचे, आवळल्याने नाक सोलायचं, सोललं म्हणून आणखी तेल. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. बाईमाणूस रात्री डोक्याला तेल लावतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तेल सोडलं. केस राठ झाले, डोकं तापल्यासारखं वाटायचं. अंबाडा पट्ट्यांना आडवा येतो म्हणून तो पार टाळूवर बांधायचे. सवय व्हावी म्हणून दुपारीही मास्क लावून बसायचे. शेजारीण डोकावून म्हणाली, "सोंड लावून बसलीस ती! गणपतीचा कारखाना घरातच काढलास काय गो?" मास्क लावून बोलता येत नाही, म्हणून ती वाचली. एकदम काही बरं वाटलं नाही. पण हळूहळू दुपारी तांदूळ निवडून संपायला लागले.

आषाढात नात झाली. बाई ठरलेलीच होती, जवळच्या गडब गावची. तिचा हात चांगला होता, मी बाजूला बसून पाणी विसणायचे. विसणताना मनातल्या मनात तिच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे. मग एके दिवशी जाता जाता ती म्हणाली, "काकू, उद्यापासून चार दिस नाय यायची मी. भाताची लावनी हाय."

दुसऱ्या दिवशी मी मोरीत पाटावर बसले आणि पाय पसरले. लेकीने बाळ माझ्या पायांवर ठेवलं, पण ती हलली नाही. समोरच भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात पुढे धरून. "तू आत जाऊन पड," म्हटलं. "असू दे," म्हणाली. मला राग आला. हाताला तेल घेतलं. डोक्याला लावायचं सोडलेलं ते तेल नातीच्या पाठीवर जिरवलं, बाळ पालथं केलं, उताणं केलं, पाणी घातलं. एकदाही डोळा जड झाला नाही.

वर पाहिलं तर लेकीचे हात मांडीवर पडले होते. मान भिंतीला, तोंड उघडं. झोपली होती, आणि घोरत होती. माझंच घोरणं.

मी तिला उठवलं नाही. बाळाच्या अंगावर पाणी घालत राहिले आणि तिचा श्वास मध्येच थांबतो का, ते ऐकत राहिले.